बाहेरच्या स्क्रिप्टची यादी मागा

महोदय,

सायबर हल्ल्याच्या बातमीखाली ‘अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड बदला’ हा सल्ला ठरलेला असतो. जून २०२४मध्ये उघडकीस आलेल्या ‘पॉलिफिल डॉट आयओ’ प्रकरणात तो पाळून काहीच उपयोग झाला नसता. जुन्या ब्राउझरमध्ये नवी जावास्क्रिप्ट (पानामागे ब्राउझरमध्ये चालणारा कोड) चालावी म्हणून एक लाखाहून अधिक संकेतस्थळे त्या पत्त्यावरून कोडची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, घेत होती. फेब्रुवारीत ते डोमेन एका चिनी कंपनीकडे गेले आणि पुढे त्याच फाइलमधून मोबाइलवरचे लोक सट्टेबाजीच्या पानांवर जाऊ लागले. हा कोड ठरावीक फोनवर, ठरावीक वेळीच चाले आणि ॲडमिन (साइट सांभाळणारा) दिसला की गप्प बसे. ‘आमच्याकडे तर साइट नीट चालतेय’ हे उत्तर म्हणूनच बिनकामाचे.

बाहेरची फाइल घ्यायचीच असेल तर ती बोलावणाऱ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये ‘इंटिग्रिटी’ लिहून त्यात तिचा शा-३८४ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) द्यावा, सोबत ‘क्रॉसओरिजिन’ (दुसऱ्या सर्व्हरवरची फाइल तपासू देणारी खूण) ठेवावे. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ब्राउझर ती चालवत नाही. मात्र पत्त्यात नेमकी आवृत्ती हवी. ‘लेटेस्ट’ ठेवले तर पुढच्या अपडेटला पानच मोडते. पॉलिफिलला हा उपाय लागूच नव्हता, कारण तो सर्व्हर ब्राउझर पाहून वेगवेगळी फाइल पाठवी. अशी सेवा काढूनच टाकावी. पॉलिफिलचे मूळ लेखक अँड्र्यू बेट्स यांनी फेब्रुवारीतच तसे सांगितले होते.

फाइल स्वतःच्या सर्व्हरवर आणली की भागले, असेही नाही. २०१८मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या स्वतःच्याच फाइलमध्ये २२ ओळी घुसल्या आणि ग्राहकांच्या कार्डांचा तपशील मिळत्याजुळत्या नावाच्या डोमेनवर जात राहिला. इथे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानाला काय करू द्यायचे ते ब्राउझरला सांगणारी नियमावली) हवी: पानाने माहिती कुठे पाठवायची, ते ‘कनेक्ट-एसआरसी’ आणि ‘फॉर्म-ॲक्शन’मध्ये बांधून टाकायचे. ती थेट लागू केली की टॅग मॅनेजर (जाहिराती-मोजणीचे कोड पानात लावणारे साधन) आणि चॅटची खिडकी बंद पडते, मग वैतागून ‘अनसेफ-इनलाइन’ (पानातच लिहिलेला कुठलाही कोड चालू देणारी सूट) लिहून सगळे मोकळे होतात. त्यापेक्षा आधी ‘रिपोर्ट-ओन्ली’ (काही न अडवता फक्त नोंद) ठेवून ब्राउझरच्या तक्रारी वाचाव्यात.

कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस मानकाने पेमेंटच्या पानावरील प्रत्येक स्क्रिप्टची यादी आणि तिचे कारण ३१ मार्च २०२५पासून बंधनकारक केले आहे. महापालिका आणि सहकारी बँकांनी साइटच्या निविदेत हीच अट घालावी आणि यादी मिळाल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये.

– एक वेब डेव्हलपर, पुणे