'झालेली' की 'झालेल्या'?

मा. संपादक,
स.न.

कालच्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी काळांची 'उजळणी' वाचली. दोन आठवड्यांपूर्वीची चूक जशीच्या तशी छापली आहे, तेव्हा उजळणी हे नाव सार्थच म्हणायचे. 'पास्ट परफेक्टमध्ये भूतकाळात पूर्ण झालेल्या क्रिया दाखवतात', हेच ते वाक्य.

'काळ' आणि 'क्रिया' हे शब्द मराठीत अनेकवचनातही तसेच राहतात. एक काळ, बारा काळ. एक क्रिया, दोन क्रिया. म्हणजे वचन कळणार ते फक्त 'झालेली' की 'झालेल्या' यावरून. माझ्या आठवीतल्या नातीने मागचे कात्रण वहीत चिकटवले, घोकले आणि चाचणीत लिहून आली, 'व्हेन वी हॅड रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' बाईंनी पहिल्या 'हॅड'भोवती लाल गोल काढला आणि गुण कापला. नात मला विचारते, "आजोबा, आपलं पोचणं पण झालं, गाडीचं जाणं पण झालं. दोन्ही झालेल्याच क्रिया ना?" काय सांगणार? पोरगी तुमच्या नियमाला धरूनच चालली होती. क्रिया दोन लागतात हे खरे, पण 'हॅड' मिळतो तो एकीलाच, जी आधी उरकली तिला. 'दोन क्रियांपैकी आधी झालेली क्रिया' एवढे छापायला जागा नव्हती, असे शेजारची तीन कॉलमी शाम्पूची जाहिरात पाहून तरी वाटत नाही.

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केले. 'ली'चे 'ल्या' सुटले म्हणून मालकांची बोलणी खाल्ली आहेत. आपल्याकडे मुद्रितशोधक हे पद अजून शिल्लक आहे का, एवढे कृपया कळवावे.

त्याच उजळणीत खाली, 'ही, शी, इट असल्यास क्रियापदांना एस लावावा'. क्रियापदांना? उद्या नात 'शी वॉन्ट्स टू प्लेज' लिहून आली, तर तो लाल गोल कोणाच्या नावावर मांडायचा? 'पहिल्या क्रियापदाला' म्हटले असते तरी निभावले असते, अर्थात 'कॅन', 'मे' आले की तेही फसते. पण ते पुढच्या रविवारी.

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरे सलग दोन रविवार आलेली नाहीत. माझे 11 आडवे अजून अडलेले आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा