कुंकवाचा करंडा आणि गोठलेलं तळं

किल्पिस्यार्वी, फिनलंड
२८ जून

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

आई, गुडघा कसा आहे? ऑपरेशनला मी नव्हते, ते मनात सलतंय.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, शेवाळ आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावातही आहे, मग एवढ्या लांब कशाला? उत्तर फोनवर राहूनच गेलं.

मी मोजते ते डायटम, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ, मराठीत करंडक वनस्पती. किती चपखल नाव! आई, तुझ्या कुंकवाच्या करंड्यासारखंच एकावर एक बसणारं झाकण, फक्त काचेच्या जातीच्या सिलिकाचं. काठावरचा दगड उचलायचा, त्यावरचा तपकिरी बुळबुळीत थर टूथब्रशने घासून घ्यायचा, पेरॉक्साइडने बाकी सगळं जाळायचं. उरतात नुसते करंडे. ते हजारपट मोठे करून बघायचे, एका काचपट्टीवरचे चारशे-पाचशे.

दलदलीतल्या तळ्याचं पाणी चहासारखं, आम्लयुक्त. तिथे युनोशिया जातीचे डायटम. चुनखडीच्या उताराखालचं पाणी नितळ, तिथली वस्ती वेगळीच. पाण्याची आम्लता, उजेड, क्षार, खोली, सगळ्यांचा हात असतो. पण मला ओढ आहे ती बर्फाची. किल्पिस्यार्वीचं तळं वर्षातले सातेक महिने गोठलेलं असतं, जूनच्या मध्याला मोकळं होतं. बर्फ रेंगाळला की फक्त कड वितळते आणि तळाशी राहणारे बारके फ्रॅजिलेरिया डायटम तेवढ्यावर भागवतात. लवकर गेला की उजेड मधल्या पाण्यात शिरतो, वरचा थर कोमट होऊन वेगळा राहतो आणि तरंगणारे छोटे सायक्लोटेला वाढतात. मेलेल्यांचे करंडे तळाच्या गाळात थरावर थर साचतात, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या कितीतरी तळ्यांच्या गाळात हा पालट साधारण १८५० नंतर दिसतो. तिथे तेव्हा तापमान लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, बाबा. करंड्यांनी ठेवलं.

सिरपूर होळकरांनी बांधलेलं, शंभरेक वर्षांचं, आणि ते कधी गोठत नाही. इथला गाळ हिमयुग सरल्यापासून, जवळजवळ दहा हजार वर्षं साचतोय. म्हणून इथे.

आणि म्हणूनच मे-जूनमध्ये येता येत नाही. बर्फ सुटला की पुढचे थोडे आठवडेच हाती असतात. आई, ते तुला सांगताना फार जड जातं.

डिसेंबरात तळं गोठलेलं असेल, तेव्हा महिनाभर येते. बाबा, आपण सकाळी सिरपूरला जाऊ, काठावरचा एक दगड मी घासून दाखवते. जुना टूथब्रश टाकू नका.

तुमची,
छकुली