लेहला पळायला निघालेल्या लेकीला

कोल्हापूर

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

लडाख मॅरेथॉनला तू नाव घातल्याचं आईकडून कळलं. ऐन गणपतीत चाललीस म्हणून आजी जरा फुरंगटली आहे, पण आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल केलास की तिचं भागेल. माझं म्हणणं वेगळंच आहे. फोनवर सांगायला गेलो की तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस, म्हणून लिहायला बसलो.

दिल्लीहून विमानाने थेट लेहला उतरू नकोस. श्रीनगरपर्यंत विमानाने जा आणि पुढे रस्त्याने जा.

एसटीवाल्याला रस्ताच गोड लागणार, असं म्हणशील. म्हण. पण उंचीचा हिशोब बघ. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. वाघबीळपासून पन्हाळ्यापर्यंतचा चढ तू न थांबता पळतेस, हे मी तालमीतल्या सगळ्यांना सांगून झालंय. तरी पन्हाळा हजार मीटरच्या आतच संपतो, आणि लेह आहे ३,५०० मीटरवर. दिल्लीहून विमान तिथे सव्वा तासाच्या आसपास नेऊन सोडतं. तेवढ्या वेळात शरीराने काय करायचं? हवेतला प्राणवायू तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश असतो, म्हणून दर श्वासाला कमी मिळतो. श्वास लगेच वाढतो, मूत्रपिंडं दोन-चार दिवसांत जुळवून घेतात, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. रंकाळ्याला रोज पहाटे किती फेऱ्या मारल्यास, याच्याशी ह्या गोष्टीचा काही संबंध नाही. चांगल्या धावपटूलाही उंची बाधते. उलट अशी पोरं पहिल्याच दिवशी अंगात जोर आहे म्हणून फिरायला निघतात आणि आडवी होतात.

रस्त्याने गेलीस तर श्रीनगर सोळाशेच्या आसपास, मग सोनमर्ग, मग साडेतीन हजारांवरची झोजी ला खिंड, आणि पुन्हा खाली कारगिलला सुमारे २,७०० मीटरवर मुक्काम. दिवसा उंच चढायचं आणि झोपायला खाली उतरायचं, हे डोंगरात राहणाऱ्यांचं जुनं शहाणपण त्या रस्त्यात आपोआपच घडतं. दुसऱ्या दिवशी फोटू ला, ४,१०० मीटर, त्या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड, आणि संध्याकाळपर्यंत लेह. मनालीकडूनही रस्ता आहे आणि तो फार देखणा म्हणतात. पण तिकडे बऱ्याच गाड्या रात्री सरचूला थांबतात, ते लेहपेक्षाही उंच. म्हणजे पहिलीच झोप जास्त उंचीवर. तो नको.

रस्त्याने आलीस म्हणून लेहला पोचल्या पोचल्या उड्या मारायला मोकळी झालीस असं नाही. पहिले दोन दिवस आराम, मग थोडं चालणं, मग हळू पळणं. खारदुंग ला ही खिंड बघायची हौस स्पर्धेनंतर भागव. आईने कोरोनातला ऑक्सिमीटर बॅगेत टाकलाय. इथे तो ९७-९८ दाखवतो, तिथे नव्वदच्या खालीही दिसेल. नुसत्या आकड्याने घाबरू नकोस. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही, पळायचं तर नाहीच. बसल्या जागी दम लागला, खोकला सुटला किंवा चालताना तोल जायला लागला तर मैत्रिणींना सांग आणि थेट सोनम नोर्बू रुग्णालय गाठ. अशा त्रासावर खाली उतरणं हाच खरा उपाय. घाटात गाडी चालवणाऱ्याची नजर आधी उतार कुठे आहे ते बघते, आणि लेहला हीच अडचण आहे. कारगिलकडे निघालीस तरी मध्ये फोटू ला आडवी येते.

डॉक्टर उंचीवरची गोळी देतील. लहानपणी तुला सल्फाच्या औषधाने अंगभर पुरळ उठलं होतं, हे त्यांना आधी सांग. विसरू नकोस.

आता पळण्याचं. लेहला वर्षभरात शंभर मिलीमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या गगनबावड्याला एखाद्या दिवसात तेवढा कोसळतो. तू आषाढ-श्रावणात घामाने निथळून सराव केलास, तिथे घाम अंगावर दिसणारसुद्धा नाही, जागच्या जागी वाळेल. तेव्हा तहान लागायची वाट बघू नकोस, आणि नुसतं पाणीही ढोसू नकोस, मीठ-साखर घातलेलं घे. लेह गाव सिंधूच्या पात्रापेक्षा बरंच वर आहे. नदीकडे उतरताना पाय सुटले की परत गावाकडे चढताना त्याची वसुली होते. करूळ घाटात गाडी रिकामी असली तरी मी खालचाच गिअर धरायचो, तसं सुरुवातीपासून पळ.

आणि वेळेचा हट्ट नको. पुण्यात चार तासांच्या आत आलीस म्हणून लेहलाही येशील असं नाही. आपले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तेव्हा लाल मातीत घडलेला हा पैलवान मॅटवर लढला आणि सहावा आला. पदक आलं ते १९५२ साली, हेलसिंकीहून. तूही पहिल्यांदा मॅटवर चालली आहेस.

मधेच थांबावंसं वाटलं तर थांब. मला काय तोंड दाखवू असा विचार तिथे, त्या हवेत, करत बसू नकोस. कुठल्या लक्षणाला थांबायचं ते आत्ताच ठरव आणि मैत्रिणींनाही सांगून ठेव, कारण उंचीवर माणसाचं डोकंच आधी हट्टी होतं.

दिल्ली-लेहचं तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतात ते बघ. जो काही फरक येईल तो मी देतो, आईला सांगू नकोस. सुट्टी दोन दिवस वाढवून मिळते का तेही साहेबांना विचार आणि रविवारी फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. – तुझं सिम प्रीपेड आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. निघायच्या आत पोस्टपेड करून घे, नाहीतर आजीची आरती चुकेल आणि तिचं सगळं मलाच ऐकावं लागेल.