शिमल्याच्या रिंकवर बर्फ धरणाऱ्यांना

सप्रेम नमस्कार,

शिमला आइस स्केटिंग क्लबचा इतिहास सांगताना सगळे 1920 पासून सुरुवात करतात. ब्लेसिंग्टन नावाच्या साहेबाला टेनिस कोर्टावर सांडलेलं पाणी थंडीत गोठलेलं दिसलं आणि त्याला बर्फावर स्केटिंग करायची जागा, म्हणजे रिंक सुचली, असं सांगतात. कल्पना त्याची खरी, पण शंभरहून अधिक हिवाळे ही रिंक टिकली ती रात्री पाणी मारणाऱ्या हातांमुळे. क्लबच्या इतिहासात तुमचं नाव सहसा येत नाही, म्हणून हे पत्र.

रोलर स्केटिंगमधून फिगर स्केटिंगकडे, म्हणजे बर्फावर उड्या-गिरक्या घेण्याच्या खेळाकडे, वळलेल्या आमच्यासारख्या महाराष्ट्रातल्या मंडळींना वाटतं, पाणी ओतलं की थंडी उरलेलं काम करते. तसं होत नाही. पाणी एकदम जास्त पडलं की वरचा पापुद्रा आधी धरतो, खाली पाणी आणि हवा अडकते. असा बर्फ पांढुरका दिसतो आणि उडी मारून उतरताच कोसळतो. म्हणून आधी खरवडून झाडायचं, मग पातळ फवारा, तो पूर्ण धरला की पुढचा. आभाळ निरभ्र हवं. ढग आले की जमिनीची ऊब वर निघून जात नाही आणि रात्रभराची मेहनत वाया जाते. हिम पडलं तर ते लगेच ओढून काढावं लागतं, कारण त्याच्या पांघरुणाखाली पाणी नीट गोठत नाही.

झाडून घेण्याचं महत्त्व तर बुटाच्या लोखंडी पातीखाली कळतं. एखादं वाळकं पान राहिलं की उन्हात ते तापतं, त्याच्या आकाराचा खळगा पडतो, आणि पातीच्या पुढच्या टोकाची दाती नेमकी त्यात अडकते. बारीक खडा पातीच्या कडेची धार घालवतो. फिगर स्केटच्या पातीला दोन कडा असतात, मध्ये पन्हळ. वळण एकाच कडेवर घेतलं तर बर्फावर एकच रेघ उमटते. दोन दिसल्या की पात सपाट पडली. ही चूक दाखवायला तुमच्या स्वच्छ बर्फाइतका चांगला शिक्षक नाही.

सर्वांत मोठे आभार एका कठीण कामाचे. थंडी कमी पडते तेव्हा सकाळी बर्फ तपासून तुम्ही सत्र रद्द करायला सांगता. लांबून आलेली मुलं हिरमुसतात, तरी तुम्ही ठाम राहता. मऊ बर्फात दाती खोल रुतते, शरीर वळतं, पाऊल वळत नाही, आणि घोटा जातो. ते तुम्ही टाळता.

आपले कृतज्ञ,
महाराष्ट्रातले स्केटर आणि प्रशिक्षक