खिडकीवरच्या मोबाइलचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलीच्या प्रवेशासाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला हवा होता, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गोव्यातल्या एका मामलेदार (तहसीलदार) कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचे कर्मचारी मोबाइलवर क्रिकेटची मॅच पाहत होते. माझ्यापुढे एक आजी कागदांची पिशवी धरून उभ्या होत्या. ओव्हर संपेपर्यंत त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिले नाही. याचा मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आमचे मोबाइल गेटजवळच्या लॉकरमध्ये राहतात. घरी काही अडले तर सुपरवायझरच्या टेबलावर फोन येतो, बाकीचे जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा कामाच्या वेळी मोबाइल दूर ठेवणे जमतच नाही, हे मला पटत नाही.

तरीही सरसकट बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. माझी वहिनी सरकारी खात्यात आहे. साहेबांचे आदेश, बैठकीची वेळ, कागदांचे फोटो, सगळे तिच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर येते, तेही तिच्याच पैशांच्या डेटावर. निरोप चुकला तर बोलणी खावी लागतात. म्हणजे मोबाइल टेबलावर ठेवणे भागच, आणि एकदा तो समोर असला की रील आणि मॅचही समोरच. खरे दुखणे इथे आहे. कचेरीच्या इंटरनेटवर यूट्यूब बंद करूनही उपयोग नाही, कारण मॅच स्वतःच्या फोरजीवर चालते.

सरकारी निरोपांसाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने ‘संदेश’ ॲप काढलेले आहे, सरकारी ईमेलही आहे. आदेश तिथून द्या, खिडकीजवळ एक लँडलाइन ठेवा आणि लोकांच्या वेळेत कर्मचाऱ्यांचे मोबाइल खणात राहू द्या.

सेवा मुदतीत देण्याचा कायदा गोव्यात २०१३ साली झाला, पण त्यात मुदत दिवसांची असते. रांगेत जाणारे तास कुणी मोजत नाही. म्हणून सुरुवात मामलेदार कचेऱ्यांपासून आणि पंचायतींपासून व्हावी. तिथे रोजंदारीवरची माणसे येतात, त्यांना माझ्यासारखी अर्धी रजा मिळत नाही, दिवसाची मजुरीच बुडते.

आपला,
एक कामगार वाचक
शिरोडा, फोंडा