नाना, पपईची रोपं आली हो! मनापासून आभार

नाना, फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

डिसेंबरात तैवान ७८६ या पपईच्या जातीचं महागडं बी ट्रेमध्ये लावलं, थंडी लागू नये म्हणून माजघरात ठेवलं, खिडक्या बंद केल्या, तरी २५ दिवस झाले आणि एक कोंबसुद्धा नाही. उकरून एक बी नखाने दाबलं तर आतून पांढरा लगदा निघाला. बी खोटं निघालं असं धरून मी दुकानात भांडायलाच निघाले होते.

तुम्ही त्या दिवशी पहाटे आलात, काही न बोलता थर्मामीटर आधी हवेत धरला मग ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचला. खोली २१ अंश, ट्रे १४! खाली गार फरशी, त्यात मी सकाळ-संध्याकाळ टाकीचं बर्फासारखं पाणी घालत होते, आणि ओली माती तर आणखीच गार पडते. "पोरी, माटीले ऊब दे, खोलीले नही" हे तुमचं वाक्य मी आता शिरपुरात भेटेल त्याला सांगते.

आणि तो तुमचा जुना कूलर! हिवाळ्यात नुसता पडून असतो तो पत्र्याचा सांगाडा, त्यात खाली ४० वॅटचा पिवळा बल्ब (एलईडीला तेवढी ऊब नसते), वर जाळी, जाळीवर ट्रे, बाहेरून गोणपाट, तेही बल्बपासून लांब. माती २५ ते ३० च्या मध्ये राहिली की बास. पाणी सकाळी दहानंतर, उन्हात ठेवलेल्या बादलीतलं, तेही प्लग काढूनच. नवीन बी लावलं आणि सोळाव्या दिवशी पहिली मान वर आली, वाकडी, डोक्यावर बियाचं काळं टरफल तसंच अडकलेलं. मी किती वेळ बघतच बसले होते.

उगवल्या उगवल्या ट्रे बल्बवरून काढ हे तुम्ही बजावलं नसतं तर मी लाडाने आत ठेवलेच असते, आणि रोपं लांबुळकी होऊन आडवी पडली असती. आता दिवसा ओट्यावर उन्हात, रात्री घरात.

तुमच्या बांधासाठी १२ रोपं बाजूला काढलीत. शिवरात्रीच्या आधी घेऊन येते, कूलरपण धुऊन सोबत आणते, उन्हाळा लागायच्या आत तुम्हाला लागेलच.

तुमची,
गल्लीतली पोरगी