अल्माटीला निघण्यापूर्वी

चि. अनघा हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

अल्माटीच्या मेडिकल कॉलेजात तुझा प्रवेश पक्का झाल्यापासून घरात चर्चा चालते ती फी, वसतिगृह आणि थंडीची. कझाकस्तान या देशाविषयी मात्र कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

विस्ताराने जगात नववा असलेला हा देश महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊपट आहे, पण वस्ती जेमतेम दोन कोटींची. राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात गेले ते इथल्याच बैकोनूरहून. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून हा देश सर्वांत शेवटी बाहेर पडला.

जगात दरवर्षी निघणाऱ्या युरेनियमपैकी सुमारे ४० टक्के एकट्या कझाकस्तानातून येते आणि भारतानेही ते विकत घेतले आहे. ते काढण्यासाठी तिथे डोंगर पोखरत नाहीत. वाळूच्या थरांत बोअर घेऊन सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले पाणी आत सोडतात, युरेनियम त्यात विरघळते आणि तो द्राव शेजारच्या बोअरमधून पंपाने वर खेचतात. एवढे असूनही त्या देशात आज वीज देणारी एकही अणुभट्टी चालू नाही. वीज मुख्यतः एकिबास्तुझसारख्या ठिकाणच्या कोळशावर तयार होते. सेमिपालातिन्स्कच्या माळावर १९४९ ते १९८९ या काळात सोव्हिएत सरकारने साडेचारशेच्या वर अणुचाचण्या केल्या आणि त्यांचे परिणाम आसपासच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले, हे लक्षात घेतले म्हणजे अणुभट्टीच्या नावाने तिथे धास्ती का वाटते ते कळते. तरीही २०२४ च्या सार्वमतात लोकांनी अणुवीज प्रकल्पाच्या बाजूने कौल दिला.

तेलाची गोष्ट निराळी. तेंगीझ आणि काशागान ही प्रचंड क्षेत्रे कॅस्पियनच्या बाजूला आहेत, परंतु कॅस्पियनमधून खुल्या समुद्रात थेट वाट नसल्याने निर्यातीचे बहुतेक तेल रशियातून जाणाऱ्या नळाने काळ्या समुद्रावरील नोव्होरोसिस्क बंदराला पोहोचते. विहीर आपली आणि रहाट शेजाऱ्याच्या अंगणात, असा हा प्रकार. मॉस्कोशी जपून बोलण्यावाचून तिथल्या राज्यकर्त्यांना गत्यंतर नाही, असे माझे मत आहे.

आणि पैसा? तो राजधानी अस्तानाच्या काचेच्या इमारतींत दिसतो, तेल जिथे निघते त्या पश्चिमेकडे फारसा नाही. झानाओझेन या तेलाच्या गावी २०११ मध्ये संपकऱ्यांवर गोळीबार झाला. त्याच गावात जानेवारी २०२२ मध्ये गाड्यांत भरायच्या गॅसचा भाव लिटरला ६० वरून १२० तेंगे (तिथले चलन) झाला, लोक रस्त्यावर उतरले आणि चारच दिवसांत अल्माटीचे महापौर कार्यालय पेटले. देशभरात दोनशेहून अधिक माणसे मेली.

वर्गात त्या भागातली कोणी मुलगी भेटली, तर आपले मत न मांडता तिचे म्हणणे नीट ऐक आणि मला सवडीने कळव.

तुझा,
बाबा